८ ऑक्टोबर १९५९ चा कागद : लेफ्टनंट जनरल थोरात आणि नेफाची संरक्षण योजना

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचं नाव महाराष्ट्रात निघालं की वाक्य ठरलेलं असतं : ते सरसेनापती झाले असते तर बासष्ट, म्हणजे चीनकडून झालेला पराभव, घडलं नसतं. हे वाक्य बाजूला ठेवून प्रकरण पाहिलं तरच त्यातून काही शिकता येतं. सेनेतल्या फार वरच्या पदावरच्या एका अधिकाऱ्याने वेळेवर, लेखी, योग्य त्या वाटेने धोक्याची सूचना दिली. त्यासोबत उपायही दिला. तरी तीन वर्षांनी फौज नेमकी त्या उपायाच्या उलट मांडलेली होती. हे कसं झालं, हा इथला प्रश्न.

आधी माणूस, थोडक्यात. जन्म १९०६, कोल्हापूर भागातला. सँडहर्स्टहून १९२६ मध्ये कमिशन, पंजाब रेजिमेंट. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर कांगाव इथे ५१ व्या ब्रिगेडमधल्या तिन्ही बटालियनचे कमांडर भारतीय होते, आणि त्या काळात ही गोष्ट दुर्मीळ होती. थोरात २/२ पंजाब घेऊन होते, थिमय्या ८/१९ हैदराबाद, एल. पी. सेन १६/१० बलूच. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. ही तीन नावं लक्षात ठेवावीत, कारण पुढच्या सतरा वर्षांत ती पुन्हा एकत्र येतात.

कांगावची लढाई या प्रकरणात आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. जपानी ५४ व्या डिव्हिजनचा माघारीचा रस्ता कांगाववरून जात होता. तो रस्ता दाबणारी टेकडी, नकाशावरची हिल १७०, ताब्यात घेऊन बसायचं आणि जपान्यांना तिथे येऊन डोकं आपटायला लावायचं, असा तो डाव होता. जागा दिसायला किती पुढे आहे हे तिथे गौण होतं. शत्रूला यावंच लागेल आणि आपल्याला मागून पुरवठा होत राहील, अशी जागा आधी हेरलेली होती. १९५९ च्या कागदात हाच विचार डोंगरात नेलेला दिसतो, असं माझं वाचन आहे.

मधला एक टप्पा कोरियाचा. १९५३-५४ मध्ये पाच-सहा हजार भारतीय सैनिकांची कस्टोडियन फोर्स थोरातांच्या हाताखाली होती आणि तिच्या ताब्यात मायदेशी परतायला नकार देणारे साडेबावीस हजारांहून अधिक चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैदी. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाआड ओढून ओलीस धरलं तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. त्या कामासाठी मिळालेलं अशोकचक्र, वर्ग दोन, म्हणजे आजचं कीर्तिचक्र. थिमय्या-थोरात यांची एकमेकांच्या शब्दावरची भिस्त इथे आणखी पक्की झाली. ही जोडी पुढे दोघांच्याही उपयोगी पडली आणि दोघांनाही नडली.

जबाबदारीची वाटणी

१९५७ मध्ये थिमय्या सरसेनापती झाले, आणि थोरात पूर्व कमांडचे प्रमुख म्हणून लखनौला होते. कमांडच्या नकाशात आसामपलीकडचा नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल, येत होता. पण सीमेवरच्या चौक्या आसाम रायफल्स या निमलष्करी दलाच्या, आणि नेफाचा कारभार आसामच्या राज्यपालांमार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे. युद्ध झालं तर लढायचं थोरातांनी. चौकी कुठे बसवायची, पुढे सरकायचं की नाही, हे ठरवणारे मात्र दुसरे. कुठल्याही कमांडरला नको असलेली ही वाटणी आहे. ज्याला किंमत मोजावी लागणार, त्याच्या हाती निर्णय नाही.

२५ ऑगस्ट १९५९ ला नेफाच्या सुबनसिरी भागातल्या लोंगजूच्या चौकीवर चिन्यांनी हल्ला केला. त्याच आठवड्यात दिल्लीत दुसरीच आग लागलेली होती. बढत्यांवरून आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या कारभारावरून थिमय्यांनी ३१ ऑगस्टला राजीनामा दिला. नेहरूंनी समजूत घातली, त्यांनी तो मागे घेतला. लगेच लोकसभेत नेहरूंनी या प्रकरणाचं जे वर्णन केलं, त्यात सरसेनापतींची बाजू लंगडी पडली. पद राहिलं, वजन गेलं.

थोरातांचा कागद लखनौहून निघाला ८ ऑक्टोबरला. म्हणजे राजीनामा-प्रकरणानंतर सव्वा महिन्याने. पुढे काय झालं ते समजायला ही एक तारीख पुरे. कागद ज्याच्या हातून मंत्र्यापर्यंत जायचा होता, त्या माणसाचा शब्द त्या क्षणी सगळ्यात हलका होता.

कागदात काय होतं

मूळ सूत्र सोपं आहे. मॅकमहोन रेषेवरच्या, म्हणजे नेफाच्या तिबेटकडच्या सीमेवरच्या, चौक्या म्हणजे घंटा. चिनी आले की त्या वाजाव्यात, शक्य तेवढा उशीर लावावा आणि मागे याव्यात. मरेपर्यंत धरायच्या जागा त्या नव्हेत. खरी लढाई बऱ्याच मागे, ठरवून निवडलेल्या ठाण्यांच्या ओळीवर : नेफाच्या पश्चिम टोकाला कामेंगमध्ये मुख्य भर बोमडिलावर, आणि पूर्वेकडे झिरो, दापोरिजो, अलाँग, रोइंग, तेजू, लोहितपूर, जयरामपूर. ही सगळी ठाणी नकाशावर घातली की त्यांच्यातलं साम्य दिसतं. ती साधारणपणे तिथे आहेत, जिथवर आसामच्या मैदानातून माल आणि माणूस पोचवणं आवाक्यात होतं, किंवा थोड्या कामाने आवाक्यात आणता येणार होतं. चिन्यांना मात्र तिथवर यायला सीमेवरची उंच खिंड ओलांडून, रस्ता नसलेल्या मुलखातून, आपली रसद पाठीवर घेऊन यावं लागलं असतं.

सीमेपासून मागे लढणं म्हणजे भित्रेपणा, असं संसदेत वाटू शकतं. डोंगरातल्या हिशेबात ते उलटं असतं. हा हिशेब एकदा आकड्यांत करून पाहिल्याशिवाय या कागदाचं मोल कळत नाही, म्हणून एक साधं उदाहरण घेऊ.

रस्त्याच्या टोकापासून पाच दिवसांच्या चालीवर पाचशे माणसं बसवायची आहेत. माणशी शिधा आणि चुलीचं जळण धरून रोजचे दोन किलो म्हणू. म्हणजे रोज एक टन. खेचराच्या पाठीवर साधारण ७२ किलो चढतात, म्हणजे रोज चौदा खेचरं. पण गेलेलं खेचर परत यायला आणखी पाच दिवस. तेव्हा दहा दिवसांची साखळी अखंड ठेवायला एकशेचाळीस खेचरं, ती फक्त खाण्यासाठी. त्यांचा दाणा यात नाही; तो धरला की साखळी आणखी लांबते, कारण खेचर आपल्याच पाठीवरचं खात चालतं. दारूगोळा, तारा, खणायची अवजारं, उबदार कपडे, औषधं, जखमी खाली आणणं, सगळं याच्यावर. हमाल लावले तर माणशी वीस-पंचवीस किलो, आणि तो वाटेत स्वतः जेवतो. विमानातून टाकायचं म्हटलं तर डकोटात अडीच टनांच्या आसपास मावतं, पण अरुंद दरीत, ढगांच्या फटीतून टाकलेल्या मालाचा मोठा भाग कड्याखाली किंवा शत्रूच्या बाजूला जातो. आता ठाणं एका दिवसाच्या चालीवर आणा. तेवढ्याच माणसांना तीसेक खेचरं पुरतात, आणि उरलेल्या शंभरांच्या पाठीवर तोफगोळे येतात. पुढे बसलेली बटालियन पोट भरण्यात संपते. मागे बसलेली लढू शकते. कागदाचा गाभा एवढाच आहे.

दुसरा भाग फौजेचा. होती ती फौज अपुरी, ती किती वाढवावी, कुठे ठेवावी, आधी कुठले रस्ते करावेत, आणि हे न केल्यास काय होईल, हे त्यात होतं. थिमय्यांना ते पटलं. त्यांनी तो पुढे मेनन यांच्याकडे नेला. थोरातांनी आत्मचरित्रात नोंदवल्याप्रमाणे मेनन यांनी तो बागुलबुवा म्हणून निकाली काढला : चीनकडून तसा धोका नाही, आणि असला तर तो राजनैतिक मार्गाने आवरता येईल.

इथे एक गोष्ट मेनन यांच्या बाजूने सांगायला हवी. पाकिस्तान हाच खरा शत्रू, हे मत तेव्हा एकट्या मेनन यांचं नव्हतं. सेनेची रचना, छावण्या, प्रशिक्षण, सगळं त्याच समजुतीवर उभं होतं. चूक मताची कमी आणि पद्धतीची जास्त आहे. पूर्व कमांडच्या प्रमुखाचं लेखी मूल्यमापन मंत्रिमंडळाच्या संरक्षण समितीपुढे जायला हवं होतं आणि तिथे त्यावर हो किंवा नाही असं लिहिलं जायला हवं होतं. लेखी नकार आला असता तर तो पुढच्या कमांडरला दिसला असता, पुन्हा उघडता आला असता. इथे तो कागद नाकारला गेला आणि अनिर्णितही राहिला.

चौथी डिव्हिजन येते, अर्धीमुर्धी

२१ ऑक्टोबरला लडाखात कोंगका खिंडीजवळ पोलिसांची गस्त मारली गेली आणि लोकमत पेटलं. नोव्हेंबरात नेफाच्या सीमेची जबाबदारी सेनेकडे आली आणि चौथी इन्फन्ट्री डिव्हिजन अंबाल्याहून तेजपूरकडे निघाली. उत्तर आफ्रिका आणि इटलीत नाव कमावलेली, लाल गरुडाचं चिन्ह मिरवणारी ही डिव्हिजन. पण ती पंजाबच्या मैदानात लढण्यासाठी सजवलेली होती. तिची वाहनं, तोफा, सराव, सगळं सपाटीचं. तिच्या वाट्याला पश्चिमेला भूतानपासून पूर्वेला ब्रह्मदेशापर्यंतची सीमा आली, आणि तीही तीन ब्रिगेड्सच्या बळावर नव्हे. एक ब्रिगेड नागा टापूत गुंतलेली. सातवी ब्रिगेड कामेंगला, पाचवी उरलेल्या सगळ्या नेफाला. डिव्हिजन म्हटली की कागदावर तीन ब्रिगेड्स दिसतात. फाईलमधल्या आकड्याने दिल्लीचं समाधान होतं. कमांडरच्या वाट्याला येतं ते वजाबाकीनंतरचं.

लाल किल्ला

१७ मार्च १९६० ला थोरातांनी लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेतला. फौज हलवायची नाही; नकाशा आणि मॉडेलवर अधिकारी बसवून प्रसंग पुढे सरकवायचा, असा हा प्रकार. सेना मुख्यालयातले वरिष्ठ बोलावलेले होते, थिमय्याही. अशा सरावात एक गट शत्रूच्या बाजूने खेळतो. खिंडी, वाटा, रोजची चाल, रसदेची ओढ हे दोन्ही बाजूंना सारखंच लागू करून ‘अमुक दिवशी कोण कुठे’ हे मांडलं जातं. त्याचा फायदा असा, की ‘मला वाटतं’ याच्या जागी ‘सतराव्या दिवशी इथे रस्ता तुटतो’ असं बोलावं लागतं. निष्कर्ष सरळ होता : आहे त्या फौजेनिशी नेफा राखता येणार नाही.

कागद नाकारला गेला तेव्हा त्याच माणसाने सहा महिन्यांच्या आत तेच म्हणणं सरावाच्या रूपाने, साक्षीदारांसमोर पुन्हा मांडलं. वरिष्ठ अधिकाऱ्याने पाठपुरावा कसा करावा याचा हा चांगला नमुना आहे. आरडाओरड नाही, वर्तमानपत्रात बातमी फोडणं नाही, राजीनाम्याची धमकी नाही. फक्त मर्यादा अशी, की हे साक्षीदार सगळे गणवेशातले होते. ज्यांना पटवायचं होतं ते त्या खोलीत नव्हते. आणि त्यापुढच्याच महिन्यात चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय वाटाघाटींसाठी दिल्लीत येणार होते. त्या सुमारास नेफा पडण्याचं गणित ऐकायला कुणाला सवड असणार?

मे १९६१

आता कारकिर्दीचा भाग. सरसेनापतिपद फक्त ज्येष्ठतेने मिळत नाही. निवड सरकारची असते, ज्येष्ठता ही वहिवाट. थिमय्या ७ मे १९६१ ला निवृत्त होत होते. त्यांनी वारस म्हणून थोरातांची शिफारस केली. पश्चिम कमांडचे प्राणनाथ थापर यादीत वर होते. दोघांचंही कमिशन १९२६ चं, अंतर जरासं. सरकारने थापर निवडले. ज्येष्ठतेचा नियम पाळला, त्यामुळे थोरातांना रीतसर ‘डावललं’ असं म्हणताच येत नाही. मराठी लेखांत हा शब्द सर्रास वापरला जातो, तो चुकीचा आहे. टीका व्हायला हवी ती वेगळ्या मुद्द्यावर. गरज होती तिथे ज्येष्ठता बाजूला ठेवायची तयारी याच सरकारने बी. एम. कौल यांच्या बाबतीत दाखवली होती. नियम कुणासाठी कडक आणि कुणासाठी सैल, हे त्या वर्षी सेनेतल्या प्रत्येकाला दिसत होतं. शिफारस करणारा थिमय्या, हीच थोरातांची अडचण ठरली असावी.

   

थोरात त्याच मे महिन्यात निवृत्त झाले. पूर्व कमांडवर आले एल. पी. सेन, कांगावचे तिसरे. सरसेनापती नवे, पूर्व कमांडचे प्रमुख नवे, आणि आता मुख्यालयात चीफ ऑफ जनरल स्टाफ कौल. योजनेला ओळखणारी माणसं एकाच उन्हाळ्यात गेली. ती मंजूर झालेली नसल्यामुळे उत्तराधिकाऱ्यांना बांधून ठेवणारं काहीच मागे उरलं नाही. माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक क्षण मेनन यांचा नकार नव्हे, हा आहे. नाकारलेली योजना तिचा लेखक खुर्चीत असेपर्यंत जिवंत असते. तो उठला की ती फाईल होते.

घंटेची चौकी किल्ला बनते

२ नोव्हेंबर १९६१ च्या बैठकीनंतर पुढे सरकून चौक्या बसवण्याचं धोरण आलं. नेफात १९६२ मध्ये आसाम रायफल्सच्या चौक्या थेट रेषेला भिडवल्या गेल्या. त्यांतली एक जूनमधली धोला, थाग ला कड्याच्या दक्षिणेला, नामका चू नदीजवळ. ८ सप्टेंबरला चिनी तिथे उतरले. थोरातांच्या सूत्रानुसार इथे घंटा वाजली होती. चौकीने मागे यायचं आणि बोमडिलाकडे तयारी सुरू व्हायची. झालं उलटं. सातवी ब्रिगेड तवांगहून पुढे, नामका चूच्या काठी पाठवली गेली आणि थाग लावरून चिन्यांना हुसकावण्याचा हुकूम सुटला. कोअर कमांडर उमराव सिंग यांनी रसदेचं गणित मांडून विरोध केला. त्यांना या आघाडीवरून हटवलं, ४ ऑक्टोबरला नवी चौथी कोअर उभी केली आणि ती कौल यांना दिली.

नामका चूवर जवान उन्हाळी सुती कपड्यांत होते, पाऊचमध्ये पन्नास-पन्नास फैरी, खणायला अवजारं तुटपुंजी, माल विमानातून पडणारा. वरच्या उदाहरणातली पाच दिवसांची खेचरसाखळी इथे प्रत्यक्ष उभी होती, खेचरांशिवाय. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि ब्रिगेड काही तासांत फुटली. २५ तारखेला तवांग गेलं.

यानंतरही संधी होती. आधी बोमडिलापर्यंत मागे यायचा विचार झाला. मग तो फिरवून से ला धरायचं ठरलं. से ला खिंड १३,७०० फुटांवर, समोरून अभेद्य दिसणारी. तिथे ६२ वी ब्रिगेड, मागे दिरांगला डिव्हिजनचं मुख्यालय, त्यामागे बोमडिलाला ४८ वी. या तिन्हींना जोडणारा धागा एकच : एक अरुंद, लांब रस्ता. चिनी समोरून आदळत बसले नाहीत. पूर्वेकडच्या बेली वाटेने थेंबांगवरून येऊन त्यांनी १७ नोव्हेंबरला दिरांग-बोमडिला रस्ता तोडला. से लाची ब्रिगेड मोठी लढाई न देताच मागे निघाली आणि वाटेत विखुरली. १८ ला बोमडिला पडलं. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला.

निवड कुठे चुकली हे से लावरून नेमकं कळतं. खिंड भक्कम होती, पण तिच्या पाठीमागचा रस्ता राखायला लागणारी फौज खिंडीतच अडकली होती. बोमडिलावर हीच सगळी फौज एकत्र असती तर बेली वाट तिच्या पाठीमागे न निघता समोर निघाली असती.

योजनेवरचे आक्षेप

थोरातांच्या योजनेला प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिला : तिच्याविषयी आपल्याला जे माहीत आहे त्याचा मोठा भाग स्वतः थोरातांनी नंतर लिहिलेला आहे. तारखा, बदल्या, फौजेच्या हालचाली स्वतंत्रपणे जुळतात. संवाद मात्र एकाच बाजूचे आहेत. हेंडरसन ब्रूक्स आणि प्रेमिंद्रसिंग भगत यांचा बासष्टच्या पराभवावरचा चौकशी अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, त्यामुळे ताळा घ्यायला जागा कमी.

दुसरा आक्षेप राजकीय. लढाईआधीच शंभर-दीडशे किलोमीटर मुलूख सोडण्याची योजना १९५९ च्या संसदेत कुणी मांडू शकला असता का? नाही. पण मांडायची गरजही नव्हती. चौकी पुढे ठेवून ठाणं मागे ठेवता येतं. फक्त चौकी पडल्यावर ‘परत घ्या’ असा हुकूम न देण्याचा संयम लागतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जड वाटतो. योजना चालायला जास्तीची फौज, रस्ते, डोंगरी तोफा आणि गरम कपडे लागत होते. सीमा रस्ते संघटनाच मे १९६० मध्ये स्थापन झाली. थोरात सरसेनापती झाले असते तरी दीड वर्षांत हे सगळं उभं राहिलं असतं असं नाही. त्यांना नोव्हेंबर १९६१ च्या धोरणाला समोरासमोर नकार द्यावा लागला असता, आणि बहुधा त्यातच त्यांची खुर्ची गेली असती. बासष्ट टळलं असतं असं म्हणायला आधार नाही. नामका चू आणि से ला टळले असते, असं म्हणायला बराच आहे.

पराभवानंतर मेनन गेले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. थापरांनी १९ नोव्हेंबरला पद सोडलं. निवृत्त थिमय्या आणि थोरात यांना राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर बोलावलं गेलं. थोरातांच्या म्हणण्यानुसार नेहरूंनी तो कागद पहिल्यांदा वाचला तो तेव्हा, आणि हा आपल्याला आधी का दाखवला नाही असं विचारलं. त्या वेळी कागद तीन वर्षांचा झाला होता आणि लखनौची खुर्ची सुटून थोरातांना दीड वर्ष लोटलं होतं.